शाळेच्या प्रिंटरची शाई : अस्सल की स्वस्त?

इंदुरीस, इंद्रायणीकाठच्या पावसाळी हवेत, दप्तरातील कागद सर्दावतो. म्हणून शाळेच्या प्रिंटरची शाई घेताना शिक्षकांनी केवळ किंमत पाहू नये. काही शायांत रंग पाण्यात विरघळलेला असतो. ओल लागताच अक्षरे पसरतात. काहींत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. ती अक्षरे टिकतात. अस्सल शाई दुसऱ्या जातीची असतेच असे नाही, आणि दुकानदार हे क्वचितच सांगतो. छापील कागद दिवसभर वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. शाळा सोडल्याचा दाखला मुलाला पुढे अनेक वर्षे लागतो. त्यासाठी प्रिंटरला चालणारी, रंगकणांची अस्सल शाई महाग पडली तरी घ्यावी. सराव-प्रश्नपत्रिकांना स्वस्त शाई पुरते. मात्र एकाच प्रिंटरात दोन्ही मिसळल्यास बारीक छिद्रे तुंबण्याचा संभव असतो. प्रिंटर एकच असेल, तर सरावाची गणिते फळ्यावरच लिहावीत.