बुलेटचा आवाज वाढला, ताकद कुठे गेली?

“भाऊ, सायलेन्सर बदल, गाडी नुसती उडल!”

मित्रांनो, हे वाक्य ज्याने आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ऐकलं नाही असा मुलगा सापडणं कठीण. मीही ते ऐकलं, त्यावर विश्वास ठेवला आणि साडेतीन हजार रुपये घालवले. त्या साडेतीन हजारांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. मेकॅनिकलवाल्यांना यात थर्मोडायनामिक्स सापडेल, इतरांना निदान पैसे वाचवण्याचा मार्ग सापडेल.

अमेरिकेत १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून ‘मसल कार’ची लाट आली. मोठं व्ही-आठ इंजिन, साधी बॉडी आणि कानठळ्या बसवणारा एक्झॉस्ट. तिकडचा पोरगा अशा जुन्या गाडीने रोज कामावर जातो आणि पहिला पगार झाला की एक्झॉस्ट बदलतो. आपल्या नांदेड-लातूरकडे मसल कार कुठून येणार? आपली मसल कार म्हणजे बुलेट. माझ्याकडे मामाची २०१३ ची क्लासिक ३५० आहे, कार्बोरेटरवाली. आठवडाभर विष्णुपुरी ते वजिराबाद आणि शनिवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, असा तिचा दिनक्रम. म्हणजे ही शोभेची गाडी नाही, रोजची आहे. पुढचं सगळं वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा.

मी काय केलं

बाजारात बुलेटच्या सायलेन्सरची नावं मिठाईच्या दुकानासारखी असतात. इंदोरी, पंजाबी, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, डॉल्फिन. मी शॉर्ट बॉटल निवडली. मिस्त्रीने ती बसावी म्हणून बेंड पाईप थोडा कापला, आतली जाळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “आता बघ मजा.” मी किक मारली. समोरच्या टपरीवरचे चार जण वळून बघायला लागले. त्या क्षणी मला वाटलं, पैसे वसूल!

मजा पहिल्याच शनिवारी ओसरली. लोह्याच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळला. आवाज असा आला की ट्रकवाल्याने आरशात बघितलं, पण गाडी काही पुढे जाईना. शेवटी तिसरा टाकावा लागला. अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटायचे. लातूरला पोहोचून प्लग काढला तर त्याचं टोक पांढरंफटक. बेंड पाईपवर निळी झाक आली होती.

मामाला एक चांगली सवय आहे. टाकी भरली की किलोमीटर वहीत लिहायचं. ती वही मी पुढे चालवली आहे. जुन्या सायलेन्सरवर हायवेला ३४ चा अॅव्हरेज होता. नव्यावर ३० आला. मिस्त्रीकडे गेलो तर त्याने मेन जेट एक नंबर मोठा टाकला. फटाके कमी झाले, प्लगला रंग आला, पण अॅव्हरेज २८ वर गेला आणि चौथ्या गिअरची तक्रार तशीच राहिली.

“असं का होतंय?” मी विचारलं.

“बुलेटला बॅक प्रेशर लागतंय भाऊ,” मिस्त्री म्हणाला.

हे उत्तर मला पटलं नाही. इंजिनाला स्वतःचाच धूर बाहेर ढकलायला अडथळा हवा असतो, हे कसं शक्य आहे? मग लायब्ररीत बसलो.

धूर जातो तो धक्क्याने

आपण समजतो की सायलेन्सर म्हणजे नळी, तिच्यातून धूर पाण्यासारखा वाहतो. तसं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो एकदम सुटतो आणि पाईपमध्ये दाबाची एक लाट धावत सुटते. वायू मागून येतो, लाट पुढे जाते. लाटेचा वेग म्हणजे त्या गरम वायूतला ध्वनीचा वेग.

तो काढणं सोपं आहे. गॅमा, वायूचा स्थिरांक आणि केल्विनमधलं तापमान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. पाईपमधला वायू सरासरी ४०० अंश सेल्सिअस, म्हणजे ६७३ केल्विन धरा. गॅमा १.३५ आणि स्थिरांक २८७ घेतला तर वेग येतो सेकंदाला साधारण ५१० मीटर.

आता गंमत पुढे आहे. ही लाट पाईपच्या उघड्या तोंडाशी, किंवा पाईप जिथे एकदम मोठ्या पोकळ डब्यात उघडतो तिथे पोहोचली की उलटी फिरते. जाताना ती जास्त दाबाची असते, येताना कमी दाबाची होऊन येते. कमी दाबाची लाट व्हॉल्व्हपाशी पोहोचते तेव्हा ती चोखल्यासारखं काम करते. त्या वेळी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील, ज्याला आपण ओव्हरलॅप म्हणतो, तर ती उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. फुकटची ताकद!

पण लाट वेळेवर यायला हवी. वर्कशॉपमधले जुने लोक जो ठोकताळा वापरतात त्यानुसार लाटेची जाऊन-येऊन फेरी क्रँकच्या साधारण १२० अंशांत पूर्ण झाली तर तिचा जोर ओव्हरलॅपच्या वेळी उपयोगी पडतो.

आकडेमोड

माझ्या गाडीचा टॉर्क सर्वात जास्त, म्हणजे २८ न्यूटन-मीटर, ४००० आरपीएमला मिळतो. ४००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १५ मिलिसेकंदांत होतो. १२० अंश म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, ५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लाट ५१० च्या वेगाने २.५५ मीटर धावते. जाऊन-येऊन असल्याने पाईपची लांबी हवी त्याच्या निम्मी, म्हणजे जवळपास १.२७ मीटर.

टेप घेऊन पार्किंगमध्ये गेलो. नव्या सायलेन्सरमध्ये पोर्टपासून पोकळ डब्याच्या तोंडापर्यंत लांबी भरली ६० सेंटिमीटर. या पाईपमध्ये फेरीला २.३५ मिलिसेकंद लागतात. हे १२० अंशांत बसवायचे तर इंजिन साडेआठ हजार आरपीएमला फिरायला पाहिजे. माझी क्लासिक आपली १९.८ बीएचपी ५२५० ला देते आणि त्यानंतर फार पुढे जात नाही. म्हणजे मी गाडीला असा पाईप लावला होता, जो कामाला येण्याआधी इंजिनच थांबतं.

एवढ्यावरच भागत नाही. ४००० आरपीएमला ही लाट ५६ अंशांतच परत येते, म्हणजे फार लवकर. मग ती व्हॉल्व्हकडून पुन्हा मागे जाते, तोंडाशी पुन्हा उलटते आणि आता जास्त दाबाची होऊन येते. या दुसऱ्या फेरीअखेर ११३ अंश होतात. म्हणजे जिथे चोखणारी लाट हवी तिथे ढकलणारी लाट हजर! ती धूर परत आत लोटते. लोह्याच्या पुढे चौथ्या गिअरमध्ये माझी गाडी जी रुसली, ती याच ठिकाणी.

कंपनीच्या लांब सायलेन्सरमध्ये पडदे आणि छिद्रांच्या नळ्या असतात. तिथे एक मोठी लाट एकाच जागेवरून परत येत नाही, लहान लहान लाटा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. त्यामुळे फायदा थोडा पसरट मिळतो आणि तोटा कुठेच मोठा होत नाही. रोजच्या गाडीला हेच हवं असतं.

तर मिस्त्रीचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं. इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. त्याला हवी असते वेळेवर येणारी लाट. सायलेन्सर मोकळा केल्याने दाब थोडा कमी होतो हे खरं, पण त्याच्यासोबत पाईपची लांबी बदलली की वेळापत्रक कोलमडतं.

फटाक्यांचं कारणही यातच आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये येतं. आखूड, मोकळ्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गरम पाईपमध्ये ते पेटतं.

मग आवाज कशाचा?

बुलेटचा आवाज म्हणजे ताकद, हा आपला समज. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. आयडलिंगला १००० आरपीएम धरले तर मिनिटाला ५०० स्फोट, सेकंदाला आठाच्या वर. कान हे ठोके वेगवेगळे ऐकतो, म्हणून ती डुगडुग. व्ही-आठ इंजिनात त्याच गतीला सेकंदाला ६६ ठोके पडतात, म्हणून तिथे गुरगुर ऐकू येते. इतके संथ ठोके जाळी नसलेल्या सायलेन्सरमधून सुटले की ते कानापेक्षा भिंतींना, पत्र्यांना आणि खिडक्यांच्या काचांना जास्त जाणवतात.

हे मला पुस्तकाने नाही, आजीने शिकवलं.

त्या शनिवारी लातूरला पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले होते. गल्लीत शिरलो, घरासमोर गाडी उभी केली आणि मोबाईल बघत मिनिटभर चालूच ठेवली. मान वर केली तर आजी अंगणात उभी. अनवाणी, डोक्यावर पदर नाही आणि एका हातात माझ्या झोपाळू चुलतभावाचं मनगट घट्ट धरलेलं. मी गाडी बंद केली. आजी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “मांडणीवरले भांडे वाजायले होते रे. मला वाटलं, पुन्हा आलंय.”

आजीचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलं असताना चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर पडल्या, हजारो माणसं गेली. आजीच्या घरातलेही गेले. त्या पहाटे आधी जमिनीतून घरघर आली आणि मग मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच ती सांगते. त्याच्या पुढचं सांगत नाही.

मी तिला हात धरून आत नेलं. ती पाणी प्यायली आणि मलाच म्हणाली, “जेवलास का?” घरात कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलो. मामाने जुना सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. “येशील म्हणून ठेवलाव,” एवढंच म्हणाला. नवा बेंड पाईप आणि गॅस्केट मात्र घ्यावं लागलं. जेटही पूर्वीचा बसवला.

परत आल्यावर लोह्याच्या पुढच्या त्याच सरळ पट्ट्यावर रूमपार्टनरला मागे बसवून स्टॉपवॉच लावलं. चौथ्या गिअरमध्ये ४० ते ८०. शॉर्ट बॉटलवर आधी तीन वेळा मोजलं होतं तेव्हा सरासरी १२.६ सेकंद आली होती. आता ११.४. अॅव्हरेज पुन्हा ३४.

रोजच्या गाडीसाठी काय करावं

१. आधी मोजा. अॅव्हरेज आणि एका गिअरमधला वेळ लिहून ठेवल्याशिवाय काहीही बदलू नका. कान हा खोटं बोलणारा मीटर आहे.

२. पोर्टपाशी गॅस्केट गळतंय का बघा. गळत असेल तर काळा डाग दिसतो. हे बदलायला फार खर्च येत नाही आणि फरक लगेच कळतो.

३. एअर फिल्टर, चेनचा ढील, टायरची हवा. आपल्या रस्त्यांची धूळ बघता बरीच ‘हरवलेली ताकद’ इथेच सापडते.

४. सायलेन्सर बदलायचाच असेल तर मान्यताप्राप्त घ्या. बेंड पाईप कापू नका, जाळी काढू नका. नंतर प्लगचा रंग बघून जेट ठरवा. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला.

५. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तिथे पाईप कापणं म्हणजे इंजिनाचं नाक आणि धूर गाळणारी गाळणी दोन्ही काढून टाकणं.

६. कायदाही माहीत असू द्या. १७५ सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जप्त होऊ शकतं. डेसिबलचं गणितही फसवं आहे. ८० चे १०० झाले म्हणजे आवाजाची शक्ती शंभरपट झाली.

विष्णुपुरीत आपल्या शेजारीच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. २००० सालच्या नियमांत रुग्णालय आणि शाळा-कॉलेजांभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्राची तरतूद आहे, रात्रीची मर्यादा ४० डेसिबल. रात्री अकराला चहा प्यायला निघताना तिथल्या वॉर्डात कोण कशाने दचकत असेल, हे आपल्याला माहीत नसतं. मला माझ्याच घरातलं माहीत नव्हतं.

शॉर्ट बॉटल अजून माझ्या कॉटखाली पडून आहे. विकायला काढली होती, एक ज्युनिअर घ्यायलाही आला होता. त्याला मी आधी टेप दिला आणि म्हणालो, पोर्टपासून मोजून ये, मग भावाचं बोलू. तो मोजून आला, वहीत गणित केलं आणि चहा पिऊन निघून गेला.