सातबारा खरा की खोटा?

काल्हेर हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातले खाडीकाठचे गाव. इथे पूर्वी भाताची शेते होती. आता जिकडेतिकडे गोदामे उभी आहेत. जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. आणि जिथे पैसा, तिथे ठक. म्हणून कोणी सातबारा पुढे केला, तर तो खरा कशावरून, हे आपले आपल्याला पाहता आले पाहिजे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते. बारामध्ये पीक कोणते ते असते. पूर्वी हे सारे तलाठ्याच्या दप्तरात असे. आता या नोंदी संगणकात आहेत.

नोंद सापडते कशी?

कचेरीत कपाट असते. कपाटात रुमाल, रुमालात फाईल, फाईलीत कागद. संगणकातही तशीच मांडणी असते. आधी जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव. गावात सर्व्हे किंवा गट नंबर, आणि मग हिस्सा. गट नंबर १५ पुष्कळ गावांत असतो. नुसते "१५" म्हटले तर संगणकाला काय कळणार? त्याला सगळा पत्ता लागतो. हिस्सा चुकला, तर शेजाऱ्याची जमीन समोर येते!

नावावर जाऊ नका

डब्यावर "साखर" लिहिले, म्हणून आत मीठ नसेलच असे नाही. फाईलीचेही तसेच आहे. मोबाईलवर आलेल्या फाईलीला "सातबारा" हे नाव कोणीही देऊ शकतो. आतला मजकूर कोणी बदलला नाही ना, हे निराळे पाहावे लागते.

संगणक पडताळा कसा घेतो?

हिशेबाच्या वहीत एक आकडा खोडला, की बेरीज चुकते. संगणक असेच काही करतो. त्याच्या पोटात अक्षरेसुद्धा आकडेच असतात. त्या साऱ्या आकड्यांचे गणित करून तो एक उत्तर काढतो. हे उत्तर म्हणजे फाईलीचा ठसा. वहीत दोन आकड्यांची अदलाबदल केली, तर बेरीज तीच राहते. संगणकाचे गणित असे फसत नाही. एक काना जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो.

अधिकाऱ्याची गुप्त किल्ली वापरून हा ठसा मोहोरबंद करतात. हीच डिजिटल सही. २००० सालच्या कायद्याने तिला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अशा सहीचा सातबारा मिळू लागला.

पण ही मोहोर फाईलीत असते. कागदावर छापल्यावर ती तपासता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर १६ अंकी पडताळणी क्रमांक छापलेला असतो.

आपण काय करावे?

सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकावा. मूळ सातबारा समोर येतो. मग दोन्ही शेजारी धरून वाचावे. गाव तेच आहे का? नंबर, हिस्सा, क्षेत्र, मालकाचे नाव जुळते का? "इतर हक्क" या रकान्यात कर्जाचा बोजा आहे का? सातबारा जुना असेल, तर आजचा नवा काढावा. मधल्या काळात फेरफार झालेला असू शकतो. हे सारे झाल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच देऊ नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवा

कागद बदललेला नाही, एवढेच संगणक सांगतो. मूळ नोंदच चुकीची असेल, तर संगणक ती चूकच जशीच्या तशी दाखवील. बहिणीचे नाव राहून गेले असेल, तर ते संगणकाला कसे कळणार? ते घरच्यांनीच पाहायचे. नोंद चुकली असेल, तर तलाठी कार्यालयात किंवा तहसीलदाराकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पहिले वाचन आपल्या सातबाऱ्याचे करा.

प्रश्न
१. सातबाऱ्यातल्या सातमध्ये काय असते? बारामध्ये काय असते?
२. नुसता गट नंबर सांगून का भागत नाही?
३. पडताळणी क्रमांक किती अंकी असतो?
४. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? वाचा आणि लिहा.