वेतोबाच्या चपला आणि तुझं गाव

अगं, काल रात्री जागून तुझी वही वाचली. चमकणारी नदी, बोलणारी झाडं, खिडकीखिडकीत कंदील आणि हवेत सतत दालचिनीचा वास. लिहिलंयस गोड. पण तिसऱ्या पानावर मला तुझ्या त्या जादूच्या गावातून निघावंसं वाटलं. का, ते सांगते. तिथे कुणाचं कुणावाचून काही अडतच नाही. हाक मारली की झाड फळ देतं, चूल आपोआप पेटते. मग शेजारणीकडे विस्तव मागायला कोण कशाला जाईल?

वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली माहीत आहे ना, जयवंत दळवींचं गाव? तिथला वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्याला चामड्याच्या चपला वाहतात. साध्या नव्हेत, चांगल्या हातभर लांब. आणि त्या चपलांचे तळ झिजतात, असं लोक सांगतात. त्या झिजलेल्या तळांपाशी थांब जरा. देव चालतो म्हणून चपला झिजतात, झिजतात म्हणून कुणीतरी नव्या शिवतं. शिवणाऱ्याला माप माहीत असलं पाहिजे, चामडं कमावलेलं हवं, दोऱ्याला मेण हवं. कुणाचा तरी नवस फिटतोय, ते घर त्या दिवशी स्वयंपाकात गुंतलंय. एवढ्या सामर्थ्याच्या राखणदाराचं अडतं कशावर, तर वहाणांवर! मला तर तिथेच माया वाटायला लागते. तुझ्या बोलणाऱ्या झाडाचं कशावाचून अडतं, ते मला वहीत कुठेच सापडलं नाही.

मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ आपण दोघींनी एका पांघरुणात बसून पाहिला होता, आठवतं? १९८८ सालचा. पावसात बसथांब्यावर ती मुलगी त्या भल्याथोरल्या प्राण्याला छत्री देते आणि तो तिला पानात बांधलेली बियांची पुरचुंडी देतो. छत्रीच्या बदल्यात बिया. सगळी जादू त्या देण्याघेण्यात आहे. आणि त्या मुलींची आई आजारी आहे, दवाखान्यात आहे, हेही विसरू नकोस. तो घोर मनात आहे म्हणून तोतोरोच्या पोटावर झोपणं इतकं उबदार वाटतं. तुझ्या गावात कुणी आजारी नाही, कुणाची वाट पाहणं नाही, कुणाचं पीक गेलेलं नाही. उबेला थोडं गार वारं लागतं गं. तलवारी, राक्षस काही नकोत. मिरग लागून चार दिवस झाले आणि पाऊस नाही, एवढी काळजी पुष्कळ झाली.

परदेशी पुस्तकांतली ती गवती छपरांची गावं तुला आवडतात, मलाही आवडतात. पण टोल्किनचं शायर कुठून आलं बघ. १८९६ ते १९०० ही चार वर्षं तो बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोलला राहिला, तिथल्या पाणचक्कीभोवती खेळला. ते गाव त्याच्या पायाखालचं होतं. तू दालचिनीचा वास लिहितेस, पण आपल्या घरी जूनच्या तोंडावर वास असतो सुक्या मासळीचा, आमसुलांचा, शेणानं सारवलेल्या खळ्यावर पडलेल्या पहिल्या सरीचा. अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, लगबग लिही. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा लिही आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं गाव लिही.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण तर तुझीच वाट पाहतेय. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं, गुरं-कोंबड्यांसकट. मागे गाव रिकामं. त्या तीन रात्री बंद घरांमध्ये काय होत असेल? एखादी चुकून मागे राहिलेली कोंबडी काय काय बघत असेल? मला हा प्रश्न लहानपणापासून छळतो. तू लिहिलंस तर मी सुटेन.

मात्र देव जसेच्या तसे उचलू नकोस. ते लोकांच्या रोजच्या श्रद्धेतले आहेत, आपल्या गोष्टीचं सामान नव्हेत. त्यांच्याभोवतीची रीत समजून घे आणि मग आपला राखणदार स्वतः घडव, त्याला वेगळं नाव दे.

अजून एक, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय. खरं गाव सगळ्यांसाठी उबदार नव्हतं. याच कोकणात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. म्हणून तुझ्या गावात चपला शिवणारा माणूस राहतो कुठे, तो देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत येतो, विहिरीवर कोणाची कळशी चालते, हे ठरवल्याशिवाय ‘सगळे आनंदानं राहत होते’ असं लिहू नकोस. गाव तुझं आहे. तू त्या चपला शिवणाऱ्याला राखणदाराच्या शेजारी घर देऊ शकतेस. राखणदाराला चप्पल कुठे चावते, कुठला अंगठा दुखतो, हे अख्ख्या गावात फक्त त्यालाच ठाऊक असू दे.

आणि मग एका वर्षी चपला नेहमीपेक्षा लवकर झिजल्या. नवी जोडी महिन्यातच विरली. राखणदार रात्री वेशीबाहेर कुठे जातो? बघ, तुझी गोष्ट सुरू झालीसुद्धा.

नकाशा, झेंडे, राजघराण्याची वंशावळ, ते सगळं मागाहून कर, किंवा करूच नकोस. आधी त्या चपलेचं माप ठरव आणि रविवारी वही घेऊन ये. मी घावणे घालते.