आधी ‘शो’, मग बाकी सगळं

अगं, ‘तिसऱ्या मजल्यावरचे तिघं नेटवर्कवर येत नाहीयेत आणि स्विचसमोर माझे हात थरथरतायत’ हा तुझा मेसेज वाचला. थरथरणारच गं, पहिलाच महिना आहे तुझा. पण बघ, ‘शो’नं सुरू होणारी कमांड फक्त दाखवते. डब्याचं झाकण उघडून तांदूळ किती उरलेत ते पाहिलं, म्हणून काही तांदूळ कमी होत नाहीत.

‘शो यूजर्स’ने मात्र फसू नकोस. त्यात दिसतात ती खुद्द स्विचमध्ये लॉगिन केलेली माणसं, म्हणजे तू आणि फार तर तुझा सीनियर. चांदणीवाली ओळ तुझी. केबल लावून, ओळख पटवून नेटवर्कवर आलेली मंडळी पाहायची असतील, तर सिस्कोच्या स्विचवर ‘शो ऑथेंटिकेशन सेशन्स’ असं विचारायचं.

मग ओळींचा ढीग येतो आणि डोळे फिरतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठव. पाहुणा आला की तो इंटरकॉमवर वर विचारतो आणि मगच आत सोडतो. स्विच वॉचमन, आणि वरून हो-नाही सांगणारा रेडियस सर्व्हर. प्रत्येक ओळ म्हणजे एक पाहुणा: कुठल्या पोर्टवर आला, मॅक अॅड्रेस काय, ओळख कशी पटली, आत सोडला की नाही. एकाच पोर्टवर दोन ओळी दिसल्या तर घाबरू नकोस. एकीत ‘व्हॉइस’ असेल, ती टेबलावरच्या फोनची. दुसरीत ‘डेटा’, ती त्या फोनमागून जोडलेल्या कॉम्प्युटरची.

प्रिंटरचं वेगळं असतं. त्या बिचाऱ्याला बहुधा ‘डॉट वन एक्स’ ही ओळख पटवायची भाषा बोलताच येत नाही. स्विच ३०-३० सेकंद थांबून तीनदा हाक मारतो, आणि उत्तर आलं नाही की चेहऱ्यावरून, म्हणजे मॅक अॅड्रेसवरून ओळखतो. याला मॅब म्हणतात. मूळ सेटिंग कुणी बदललं नसेल, तर यात दीड मिनिट जातं, आणि नेमका तेवढ्यात ‘प्रिंटर बंद आहे’ म्हणून फोन येतो. चहा संपव आणि पुन्हा बघ.

आता तुझे तिघं. त्यांचे मॅक अॅड्रेस मागून घे. लॅपटॉपवर ते दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांत दिसतात, स्विच मात्र चार-चार अक्षरांचे तीन गट करून मध्ये टिंब देतो. तसं लिहून घेतलंस तरच शोधताना सापडेल. पोर्ट कळला की ‘शो ऑथेंटिकेशन सेशन्स इंटरफेस’, पुढे पोर्टचा नंबर आणि शेवटी ‘डिटेल्स’. खरं सांगू का, उत्तर बहुतेक वेळा अगदी तळाशी असतं. तिथे ‘डॉट वन एक्स’पुढे ‘फेल्ड’ असेल, तर मशीन बोललं पण वरून नकार आला. पासवर्ड किंवा सर्टिफिकेट तपास. ‘स्टॉप्ड’ असेल आणि मॅबही फेल, तर मशीन बहुधा बोललंच नाही. विंडोज असेल तर ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिस सुरू आहे का ते आधी बघ, कारण मुळात ती आपोआप सुरू होत नाही.

एक मात्र हात जोडून सांगते. ‘क्लिअर ऑथेंटिकेशन सेशन्स’ लिहिताना पुढे इंटरफेस लिहिल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. मी दाबलं होतं गं, भर दुपारी. त्या स्विचवरची सगळी सेशन्स एका क्षणात पुसली गेली, अख्खा मजला बाहेर. प्रत्येकजण पुन्हा ओळख पटवून आत येईपर्यंत फोन वाजत होते, आणि ज्या एका पोर्टसाठी हा खटाटोप केला त्याचं कारण तसंच राहिलं, कारण मी ‘डिटेल्स’ वाचलेच नव्हते. ‘डीबग’लाही सध्या हात लावू नकोस, चालू स्विच त्यानं दमतो.

तेव्हा आज रात्री तिघांपैकी एकाचाच पोर्ट घे, वही उघड आणि तळाच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवून मला पाठव. मी जागीच आहे.