औंध ते नैरोबी

प्रस्तावना

परकीय राजवट संपली की देश स्वतंत्र होतो. परंतु तेवढ्याने सत्ता सामान्य माणसाच्या हाती येतेच असे नाही. पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाच्या इतिहासात हा अनुभव ठळकपणे दिसतो. सातारा जिल्ह्यातील औंधच्या एका राजपुत्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आला. तो इतिहास प्रस्तुत पाठात आपण समजून घेणार आहोत.

औंधचा वारसा

अप्पासाहेब पंत हे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे पुत्र. त्यांचा जन्म १९१२ साली झाला. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. १९३९ साली भवानरावांनी आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन केला. या कामी महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले. त्या काळात बेंगळुरू येथे काम करणारे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनीही मोठे साहाय्य केले. गावपंचायत हा कारभाराचा पाया, तिच्यावर तालुका आणि सर्वांत वर संस्थानची विधानसभा, अशी ही रचना होती. सत्ता खालून वर गेली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. १९४८ साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी भारत सरकारने अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेतील आपले प्रतिनिधी म्हणून नैरोबीस पाठविले.

वसाहतीतील केनिया

इंग्रजांनी १८९५ साली या प्रदेशावर आपला अंमल बसविला आणि १९२० साली त्यास वसाहतीचा दर्जा दिला. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग बांधण्यासाठी त्यांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. डोंगराळ भागातील सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. तिचे मूळ मालक त्याच जमिनीवर मजूर झाले. आफ्रिकी पुरुषांना बोटांचे ठसे असलेले ओळखपत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावे लागे. भारतीय व्यापारी व कारकून या समाजरचनेत मधल्या पायरीवर होते.

आफ्रिकी जनतेचे हित प्रथम, भारतीयांचे हित त्यानंतर, हे पंडित नेहरूंचे धोरण होते. अप्पासाहेबांनी ते तेथील भारतीयांपुढे स्पष्टपणे मांडले. त्यांनी जोमो केन्याटा आदी नेत्यांशी स्नेह जोडला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी प्रयत्न केले. हे वर्तन इंग्रज अधिकाऱ्यांना रुचले नाही.

जमिनीच्या प्रश्नावरून ‘माऊ माऊ’ हा सशस्त्र उठाव भडकला. ऑक्टोबर १९५२ मध्ये सरकारने आणीबाणी पुकारली आणि केन्याटांना अटक केली. त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. तरीही केन्याटांना सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हजारो लोक छावण्यांत डांबले गेले. इंग्रज सरकारच्या आग्रहामुळे १९५४ साली अप्पासाहेबांना केनिया सोडावा लागला. या छावण्यांतील छळाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१३ साली खेद व्यक्त केला आणि ५,२२८ पीडितांना भरपाई देण्याचे मान्य केले.

स्वातंत्र्यानंतर

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याच्या वेळच्या राज्यघटनेत प्रांतांना बरेच अधिकार होते. परंतु वर्षभरातच केनिया प्रजासत्ताक झाला, केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले आणि सत्ता नैरोबीत एकवटू लागली. गोऱ्यांच्या जमिनींपैकी बऱ्याचशा जमिनी सत्तेच्या जवळच्या लोकांकडे गेल्या. लढलेले अनेक शेतकरी मात्र भूमिहीनच राहिले.

त्यांची बाजू घेणाऱ्यांमध्ये पियो गामा पिंटो हे प्रमुख होते. गोव्यातील कुटुंबात नैरोबी येथे जन्मलेल्या पिंटोंचे शिक्षण भारतात झाले. गोवामुक्तीच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला होता. केनियातील लढ्यासाठी त्यांनी अनेक वर्षे स्थानबद्धता भोगली. स्वतंत्र केनियाच्या संसदेचे सदस्य असताना, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, घराच्या फाटकापाशी गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. १९६९ साली टॉम म्बोया हे मंत्रीही मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले. परक्यांच्या तुरुंगातून सुटलेल्यांना स्वकीयांच्या राज्यात अभय मिळाले नाही, ही केनियाच्या इतिहासातील मोठी शोकांतिका होय.

१९७८ साली केन्याटा निवर्तले. त्यांच्यानंतर डॅनियल अराप मोई यांनी २४ वर्षे राज्य केले. १९८२ साली घटनेत दुरुस्ती करून देशात एकच पक्ष ठेवण्यात आला. जनतेच्या दबावामुळे १९९१ साली ही तरतूद रद्द झाली आणि २००२ साली मतपेटीतून सत्तांतर घडले. मात्र डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या वांशिक हिंसाचारात एक हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आघातानंतर देशाने आपल्या रचनेचा मुळापासून विचार केला. जनतेच्या कौलाने २०१० साली नवी राज्यघटना अमलात आली. तिने देशाची ४७ परगण्यांत विभागणी करून त्यांना स्वतःची निवडून आलेली शासने दिली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरविली. त्याच वर्षी केनियातील आशियाई वंशाच्या समाजाला देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता मिळाली.

औंधच्या प्रयोगाला दहा वर्षेही मिळाली नाहीत. केनियाला सत्ता परगण्यांपर्यंत नेण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. राज्य आपले झाल्यावरही ते आपल्यापर्यंत पोहोचले का, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील नागरिकाने विचारावयाचा असतो. तो विचारणाऱ्या पिंटोंना प्राणांचे मोल द्यावे लागले, याचा विसर पडू देता कामा नये.

स्वाध्याय

१. औंध संस्थानातील कारभाराची रचना कशी होती?
२. अप्पासाहेब पंत यांना केनिया का सोडावा लागला?
३. स्वातंत्र्यानंतरही केनियातील जमिनीचा प्रश्न का सुटला नाही, ते स्पष्ट करा.
४. आपल्या गावाच्या किंवा प्रभागाच्या कारभारात आपला सहभाग किती आहे, यावर आठ-दहा वाक्ये लिहा.