डब्यांमागची बेरीज

मल्लेश्वरम, बेंगळुरू

चि. मृण्मयी,

तुझा रिपोर्ट पाहिला. टीएसएच तळाला, टी-4 वर. आणि तू रात्रभर गूगल करून थायरॉइडच्या गोळ्यांपर्यंत पोचलीससुद्धा! जरा दम धर. धडधड नाही, वजन उतरलेलं नाही, हात थरथरत नाहीत, रिपोर्ट मात्र थायरॉइड चढल्याचा. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो : केसांसाठी काही घेतेस का गं?

घेतेस. एचएसआर लेआउटमधल्या टँकरच्या पाण्याने केस गळतात म्हणून फ्लॅटमधल्या तुम्ही तिघीही बायोटिन घेता, हे ताईकडून कळलं. डब्यावर 10,000 मायक्रोग्रॅम छापलंय. दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची. त्यातून थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांची किट्स बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावरच चालतात. रक्तात ते भरमसाट असलं की यंत्र फसतं आणि टीएसएच खोटंच कमी, टी-4 खोटंच जास्त दाखवतं. हार्ट अटॅकच्या वेळी बघतात ते ट्रोपोनिनही असंच खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख होता. आणि केसांचं म्हणशील, तर शरीरात बायोटिन पुरेसं असताना वरून घेतल्याने केस वाढतात याला धड पुरावा नाही.

पण माझी खरी काळजी बायोटिनची नाही, बेरजेची आहे. तू फोटो पाठवलेस त्या डब्यांमागची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचली. बी-6 केसांच्या गमीत आहे, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आहे, बी-कॉम्प्लेक्समध्ये तर आहेच. प्रत्येक डबा आपापल्या जागी शहाणा. तिन्हींची बेरीज मात्र कुणीच केलेली नाही. गरज दिवसाला दोनेक मिलिग्रॅमची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये वरची मर्यादा 12 मिलिग्रॅमवर आणली. ‘जास्तीचं लघवीतून निघून जातं’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. पिवळी लघवी दिसते ती बी-2 ची. बी-6 मात्र फार झालं तर नसांवर उठतं. 1983 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा सात जणांची हकिगत छापली होती. रोज ग्रॅमांच्या हिशेबात बी-6 घेऊन त्यांचा चालताना तोल जायला लागला होता. तुझा डोस त्याच्या जवळपासही नाही, पण तळपायाला मुंग्या येतात म्हणून आणखी एक बी-कॉम्प्लेक्स सुरू करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता ‘डी’. दुधात टाकून घ्यायचं 60,000 युनिटचं पाकीट डॉक्टरांनी आठवड्याला एक, असं आठ आठवडे लिहून दिलं होतं. ते संपून वर्ष होत आलं, तरी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला देतो म्हणून तू घेतेच आहेस. रोजची गरज 600 युनिटची. ‘डी’ चरबीत साठतं, आज बंद केलं तरी महिनोन्महिने रेंगाळतं. फार साचलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ सुरू होतं आणि शेवटी किडनीवर येतं. तू ‘हल्ली सारखं पाणी प्यावंसं वाटतं’ म्हणालीस, ते मी विसरलेले नाही.

या बेरजेतून सरकारचीही सुटका नाही. आपल्याच गावच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधले डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांचे सहकारी 2021 पासून हेच लिहीत आहेत : मीठ, तांदूळ, तेल, दूध, सगळ्यांत काही ना काही घालायचं, वर गोळ्या वाटायच्या, तर एकाच माणसाच्या पोटात किती जातं हे कोण बघणार? तुझ्या दुधाच्या पिशवीवर निळा ‘प्लस एफ’ शिक्का असेल तर त्यातही ‘ए’ आणि ‘डी’ घातलेलं आहे, तेही धर हिशेबात.

सगळं कचऱ्यात टाक असं मी म्हणत नाही. तू शाकाहारी आहेस, बी-12 खरोखर कमी निघालं होतं, ते चालू ठेव. लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा फॉलिक अॅसिड आधीपासून लागेल, आणि तेव्हा ‘ए’ (रेटिनॉल) जास्त असलेलं काहीही नको, त्याने गर्भाला अपाय होतो. बाकी कॅल्शियमसाठी गोळ्या कशाला? ज्या गावात नाचणीची मुद्दे (पिठाचा शिजवलेला गोळा) मिळते तिथे राहतेस. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

बायोटिन आणि ‘डी’ आजच बंद. तपासणी तीन दिवसांनी पुन्हा करू. टीएसएच, टी-4, कॅल्शियम, क्रिएटिनिन. ‘डी’ची पातळीही त्याच रक्तात बघू, बायोटिनने तो आकडाही फसतो. उपाशी राहायची गरज नाही. शनिवारी ये, येताना सगळे डबे पिशवीत घालून आण, रिकामे असले तरी. डॉक्टरांसमोर ते मांडायचे आहेत, आणि तोवर थायरॉइडची गोळी कुणी दिली तरी घ्यायची नाही.

तुझी मावशी