‘पॉझिटिव्ह’ वाचून धीर सोडू नका

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. मानेला गाठ आली म्हणून तपासलं, तर टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ लिहिलंय आणि मानेतल्या एकाच बाजूच्या दोन ग्रंथींत पसरल्याचंही. व्हायरसही आहे आणि पसरलाही आहे. आता आशा सोडायची का?

उत्तर : मुळीच नाही. ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने तुम्ही घाबरलात, पण या आजारात तो बऱ्याचदा दिलासा देणारा असतो.

पी-१६ हे पेशीतलं एक प्रथिन. टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी झालेल्या कॅन्सरमध्ये ते भरपूर सापडलं, तर त्यामागे बहुधा एचपीव्ही हा विषाणू असतो. तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये पेशींची जनुकं जागोजागी बिघडलेली असतात. विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये ही मोडतोड कमी असते, म्हणून रेडिएशन आणि केमो त्यावर चांगले लागू पडतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घशाच्या या भागाच्या कॅन्सरचे एचपीव्ही असलेले सुमारे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के.

आता पसरण्याबद्दल. हा कॅन्सर मूळ जागी लहान असतानाच मानेत उतरतो, त्यामुळे पहिली खूण बऱ्याचदा मानेतली न दुखणारी गाठच असते. पूर्वी अशा दोन ग्रंथी सापडल्या की ‘चौथी स्टेज’ लिहिलं जाई. २०१८ पासून पी-१६ पॉझिटिव्ह रुग्णांसाठी वेगळी मोजणी आली. मूळ गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल आणि ग्रंथी त्याच बाजूच्या, सहा सेंटिमीटरपर्यंतच्या असतील, तर ती आता पहिली स्टेज. वडिलांची स्टेज कोणत्या पद्धतीने ठरवली आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मात्र दोन गोष्टी विसरू नका. वडील विडी-सिगारेट ओढत असतील, तर विषाणूमुळे मिळणारा फायदा कमी होतो. ती आजच बंद करा. आणि ‘साधा प्रकार आहे, औषध सौम्य द्या’ असा आग्रह धरू नका. नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी सौम्य समजलेलं औषध देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, २०१८ साली, निकाल उलट वाईट आले.

इतर वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे जास्त दिसतो तो गालाचा, जिभेचा, हिरडीचा कॅन्सर. तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, सुपारी यांनी होणारा. तिथे पी-१६ चा भरवसा धरता येत नाही. तिथे मान फार काही ठरवते. कॅन्सर मानेतल्या ग्रंथींत उतरला, की बरं होण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते. ग्रंथीचं आवरण फोडून तो बाहेर आला असेल, तर धोका आणखी वाढतो आणि ऑपरेशननंतर रेडिएशनसोबत केमोही द्यावी लागते.

म्हणूनच ‘मानेत काही लागत नाही, मग मान कशाला कापायची?’ हा प्रश्न मला फार काळजीचा वाटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचं उत्तर दिलं आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये, हाताला गाठ लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या भीतीने बायोप्सी पुढे ढकलणारी माणसं मी दर आठवड्याला पाहतो. कॅन्सर बायोप्सीने पसरत नाही, तो थांबून राहण्यातल्या महिन्यांत पसरतो. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, गिळताना एका बाजूला दुखणं, मानेत गाठ : यांपैकी काहीही असेल, तर याच आठवड्यात दाखवा.

तुमच्या वडिलांना सांगा, त्यांचा आजार बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार करण्यासारखा आहे. घरच्यांनी त्यांच्यासोबत एका ताटात जेवायलाही हरकत नाही. कॅन्सर असा लागत नाही. उपचाराची तारीख ठरली असेल, तर ती कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका.